निवडलेल्यांची गोष्ट सगळेच सांगतात

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात कुठल्याही क्रीडा स्पर्धेच्या बक्षीस समारंभात एक वाक्य हमखास ऐकू येतं : आपल्या मातीत हिरे आहेत, पारखी तेवढा नाही. टाळ्या पडतात, पाहुणे चहाला जातात. वाक्य निरुपद्रवी होतं तोवर त्यावर लिहिण्याचं कारण नव्हतं. अलीकडे मात्र त्याला एक शेपूट फुटलं आहे. सरकारकडे पारखी नसेल तर तो बाजारातून येऊ द्या; अकादम्यांना, एजंटांना, लीगच्या संघांना मोकळं रान द्या; त्यांनी देवरी-सालेकशाच्या आश्रमशाळांपर्यंत यावं, दहा-बारा वर्षांची पोरं हेरावीत, न्यावीत, घडवावीत. दाखला तयार असतो. अमेरिकेतले बेसबॉलचे संघ हेच करतात, आणि आपल्याकडच्या दोन पोरांनाही त्यांनी असंच उचललं होतं, त्यावर सिनेमासुद्धा निघाला.

हे मत मूर्खांचं नाही, म्हणून आधी ते पुरतं मांडतो. डोमिनिकन रिपब्लिक हा जेमतेम १ कोटी १० लाख वस्तीचा देश. अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये हंगामाच्या सुरुवातीला जे खेळाडू असतात त्यांतला दर नऊ-दहांमागे एक या देशाचा. लीगच्या तिसांच्या तीस संघांनी तिथे निवासी अकादम्या बांधल्या आहेत. उसाच्या मळ्यात राबणाऱ्याचं पोरगं सोळाव्या वर्षी सही करतं आणि बापाला पक्कं घर मिळतं. इकडे आपल्याकडे काय आहे? धानाचं एक पीक, त्यानंतर नागपूर-हैदराबादच्या बांधकामांवर मजुरी. अशा घरातल्या पोराच्या ‘हरवलेल्या बालपणा’बद्दल पगारदार माणसांनी गळा काढू नये, त्याचं बालपण तसंही रोवणीच्या चिखलातच जातं, असं ही मंडळी म्हणतात. या शेवटच्या टोल्याला उत्तर द्यावंच लागेल. ते पुढे देतो, कारण आधी दाखल्याचीच झडती घ्यायला हवी.

तो सिनेमा आहे ‘मिलियन डॉलर आर्म’, २०१४ चा. मूळ हकिगत २००८ ची. जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकी एजंटने भारतात वेगाने चेंडू फेकण्याची स्पर्धा घेतली. रिंकू सिंग जिंकला, ताशी ८७ मैल, म्हणजे साधारण १४० किलोमीटर वेगाने फेकून. त्याला १ लाख डॉलर मिळाले. दिनेश पटेल त्याच्या मागोमाग. दोघांना लॉस एंजेलिसला नेलं, टॉम हाउस या नामांकित प्रशिक्षकाच्या हाती दिलं, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. सिनेमा साधारण इथवरच येतो आणि आपल्याकडची भाषणंही इथेच थांबतात. पुढे दिनेशला २०१० मध्ये संघाने मोकळं केलं. रिंकू काही वर्षं खालच्या श्रेणीतल्या संघांत खेळला, दुखापतींनी बेजार झाला आणि शेवटी डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. मुख्य लीगचा एकही सामना दोघांच्या वाट्याला आला नाही. मी याला अपयश म्हणत नाही. दोन्ही पोरांनी जे केलं ते अचाटच होतं. पण ‘बाजाराने हिरे शोधले’ हे मात्र साफ खोटं आहे. हे दोघे एजंटला शेतात गुरं राखताना सापडले नव्हते. दोघेही भालाफेक करणारे, लखनौच्या सरकारी क्रीडा महाविद्यालयात तयार झालेले. त्यांचा खांदा सरकारी मेसच्या जेवणावर आणि सरकारी पगारातल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घडला होता. एजंटने फक्त त्यांच्यापुढे वेग मोजायची रडार गन धरली.

वैभव सूर्यवंशीचंही तेच. तेराव्या वर्षी, नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात राजस्थान रॉयल्सने त्याला १ कोटी १० लाखांना घेतलं, आणि पुढच्या एप्रिलात ३५ चेंडूंत शतक ठोकून त्याने सगळ्यांची तोंडं बंद केली. तेव्हापासून तालुक्यातल्या ज्या ज्या बापाचं पोरगं टेनिस बॉलला बरं टोलवतं, त्याच्या डोक्यात एक आकडा फिरू लागला आहे. पण लिलावात नाव येण्याआधी तो पोरगा बिहारकडून रणजी खेळून बसला होता, आणि त्या खेळासाठी वडिलांनी शेतजमीन विकली होती. त्या वेळी एकोणिसाच्या आतल्या नवख्याला प्रथम श्रेणीचा किंवा लिस्ट ए चा एक तरी सामना खेळल्याशिवाय आयपीएलच्या लिलावात उभंच राहता येत नव्हतं. म्हणजे खर्च बापाचा, मैदान राज्य संघटनेचं, आणि बाजार येतो तो तयार मालावर बोट ठेवायला. त्यात गैर काही नाही. व्यापारी आहेत, व्यापार करणार. फक्त त्यांना शोधक म्हणून हार घालू नका.

आता डोमिनिकन रिपब्लिककडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. लीगच्या नियमाने संघाला सोळाच्या आत सही घेता येत नाही. प्रत्यक्षात बारा-तेराव्या वर्षीच तोंडी सौदे ठरतात. या वयाच्या पोराला संघ सांभाळत नाही. सांभाळतो तो स्थानिक दलाल; तिथे त्याला बुस्कोन म्हणतात. तो पोराला घरातून उचलतो, जेवू घालतो, सकाळ-संध्याकाळ सराव करून घेतो. शाळा बहुतेक तिथेच सुटते. सही झाली की रकमेचा ३० टक्के किंवा त्याहून मोठा वाटा त्याचा. सही झाली नाही तर पोरगा परत. तोंडी शब्दाला कागदाचा आधार नसतो. संघाचा विचार फिरला, पैसे दुसऱ्या पोरावर गेले, पोराचा खांदा दुखावला, की सोळाव्या वर्षी तो जिथून निघाला तिथेच येऊन उभा. आणि मागे टाकलेल्या शाळेच्या सगळ्या इयत्ता तशाच.

शंकरपटाच्या शर्यतीसाठी बैल घेताना आपल्याकडचा माणूस आधी त्याचं तोंड उघडून दात मोजतो, कारण विकणारा वय सांगेल त्यावर विश्वास कोण ठेवणार? या धंद्यातही सगळा खेळ वयाचाच आहे. सोळाचा पोरगा महाग, विसाचा कवडीमोल. मग जन्मदाखले बदलतात. वॉशिंग्टन नॅशनल्सने २००६ मध्ये एस्माइलिन गोन्झालेझ या ‘सोळा वर्षांच्या’ पोराला १४ लाख डॉलर दिले. २००९ मध्ये उघड झालं की वय तर चार वर्षांनी जास्त होतंच, नावसुद्धा त्याचं नव्हतं. संघाच्या महाव्यवस्थापकाला पायउतार व्हावं लागलं. २०१७ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने परदेशी पोरांसाठी लीगने ठरवून दिलेल्या रकमेबाहेर छुपे पैसे फिरवल्याचं सिद्ध झालं, तेरा पोरांचे करार रद्द झाले, महाव्यवस्थापकावर आजीवन बंदी आली (ती पुढे उठली, हा भाग वेगळा). आणि हे सगळं चौकशी विभाग, वकील, दंड, प्रसारमाध्यमं असलेल्या अब्जावधी डॉलरच्या लीगमध्ये. आपल्याकडे वयचोरी रोखायला बीसीसीआयला सोळाखालच्या पोरांच्या मनगटाचे एक्स-रे काढावे लागतात, तेव्हा ‘आपल्याकडे असं होणार नाही’ असं कुणी सांगू नये.

पण मला सगळ्यात जास्त खटकतो तो भावातला फरक, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. अमेरिकी पोरगा शाळा पूर्ण केल्याशिवाय लीगच्या निवडीत येऊच शकत नाही. कित्येक जण कॉलेजात खेळून येतात. पॉल स्कीन्स २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, एकवीस वर्षांचा, कॉलेजचा गोलंदाज. करार ९२ लाख डॉलरचा. त्याच वर्षी कुठल्याही संघाला परदेशी पोरांसाठी, म्हणजे डझनावारी पोरांसाठी मिळून, वाटून दिलेली वर्षभराची रक्कम ६५ लाख डॉलरच्या आत होती. स्कीन्सला घेणारा संघ कोणता? पिट्सबर्ग पायरेट्स, ज्यांनी रिंकू-दिनेशला घेतलं होतं तेच. घरच्या पोराला आधी शिकू देतात, मग मोठा भाव देतात. परक्या गरीब देशातला सोळाचा पोरगा मात्र घाऊक उचलतात, कारण तो स्वस्त पडतो, आणि शंभरातले नव्वद वाया गेले तरी दहांत वसुली होते. १० हजार डॉलरपर्यंतचा करार तर त्या ठरलेल्या रकमेत मोजतही नाहीत. ही व्यवस्था गोंदिया जिल्ह्यात आणा म्हणणाऱ्यांनी आपण यांतल्या कोणत्या बाजूला असणार हे आधी सांगावं. आपण पिट्सबर्ग नसणार, एवढं मी सांगतो.

तरी पारखी नजर म्हणून काही असतेच की, असं कुणी म्हणेल. असते, पण किती? होसे आल्टुवे सोळाचा असताना व्हेनेझुएलात ह्यूस्टनच्या निवडचाचणीला गेला. फार बुटका म्हणून त्याला घरी पाठवलं. पोरगा दुसऱ्या दिवशी जन्मदाखला घेऊन पुन्हा हजर. शेवटी १५ हजार डॉलरवर बोळवण झाली. २०१७ मध्ये तोच लीगच्या आपल्या गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही गोष्ट तिकडे जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती ऐकली की दुसऱ्या दिवशी परत न गेलेल्या बुटक्या पोरांची आठवण येते.

आपल्या नागपूरचं उदाहरण तर याहून बोलकं. उमेश यादव खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. लष्कर आणि पोलीस, दोन्हीकडे प्रयत्न करून झाले होते. टेनिस बॉलवर गोलंदाजी करायचा. लेदर बॉल हातात आला तोच विशीच्या आसपास. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने त्याच्यासाठी शब्द टाकला, २००८ च्या नोव्हेंबरात तो रणजी खेळला आणि तीन वर्षांत कसोटी. बाराव्या वर्षी निवड करणाऱ्या कोणत्याही यंत्रणेच्या यादीत उमेश नसता. अविनाश साबळेचंही तसंच. बीडमधल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा बारावीनंतर सैन्यात गेला, आणि लष्करातल्या क्रॉस कंट्रीपासून त्याची खरी शर्यत सुरू झाली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. त्या शर्यतीत केनियाचा पहिला धावपटू त्याच्यापुढे सेकंदाच्या अंशानेच होता. हे दोघे सापडले तेव्हा सज्ञान होते, शाळा झालेली होती, आणि खेळात काही जमलं नसतं तरी साबळे शिपाई म्हणून पगार घेतच होता.

इथे समोरची मंडळी म्हणतील, तुम्ही सरकारचे वकील. मुळीच नाही. पोरं लहानपणी उचलण्याचा सगळ्यात वाईट प्रयोग आपल्याकडे सरकारनेच केला आहे. १९८७ मध्ये मार्गारेट अल्वा क्रीडामंत्री असताना भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी समाजातली पोरं हेरली. उत्तर कन्नडच्या जंगलातली, गुजरातेतली. तर्क काय, तर मूळ आफ्रिकेचं, म्हणजे धावणारच! वसतिगृहात आणलं, काहींनी राष्ट्रीय पदकंही आणली. १९९३ मध्ये फाइल बंद झाली आणि पोरं घरी. कुणी पुढे कुठल्या खात्यात चिकटलं, बाकीचे रानात परतले. त्याच काळात प्राधिकरणाच्याच विशेष क्षेत्र योजनेतून राजस्थानचा लिंबाराम सापडला आणि सोल, बार्सिलोना, अटलांटा अशी तीन ऑलिंपिक खेळला, हेही खरं. भाषणांत लिंबाराम येतो, सिद्दी येत नाहीत. निवडलेल्यांची गोष्ट सगळेच सांगतात. न निवडलेल्यांचा हिशेब सरकारने ठेवला नाही आणि एजंट तर ठेवणारच नाही, कारण तो ठेवण्याचे त्याला कुणी पैसे देत नाही. म्हणून माझं भांडण बाजार की सरकार हे नाहीच. ज्याने पोराला शाळेतून उठवलं, त्याच्यावर त्या पोराची पुढची जबाबदारी आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता रोवणीच्या चिखलाच्या टोल्याचं उत्तर. गोरेगावहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचला उभं राहून बघा. थंडीत मोबाइलचा टॉर्च लावून पोट्टे धावताना दिसतील, मागून ओढणी कमरेला गाठ मारून पोरी. एकाच्या बुटाचा तळवा सुतळीने बांधलेला. कडेला एक जण मोबाइलवर वेळ लावून बसलेला, आणि तो ओरडतो ते मिनिटं-सेकंद, ‘शाब्बास’ वगैरे नाही. ही भरतीची तयारी. पोलीस शिपाई व्हायचं तर मुलांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण वीस. हे कोष्टक त्या सगळ्यांना तोंडपाठ असतं. भरतीतही रडगाणी कमी नाहीत. जागा थोड्या, जाहिरात वर्षानुवर्षं लांबते, पोरांची उमेदीची वर्षं त्यात जातात. पण जो बाहेर पडतो त्याला कितीने पडलो ते कळतं, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा येऊ शकतो.

याउलट मागच्या हिवाळ्यात जिल्ह्यात एका खासगी अकादमीची निवडचाचणी पाहिली. नाव सांगत नाही, कारण अशा बऱ्याच आहेत. प्रवेश शुल्क रोख. छातीला टाचणीने नंबर. आश्रमशाळेचे एक सर एसटीने पोरं घेऊन आले होते, बरीचशी अनवाणी. तीस मीटर एकदा धावायचं, एक उडी, एकदा चेंडू फेकायचा. ट्रॅकसूटवाला माणूस वहीत काहीतरी लिहायचा. कुठला निकष, किती गुण, कुणालाच माहीत नाही. दुपारी सरांनी विचारलं तर उत्तर आलं, ‘सिलेक्ट झाले तर व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू.’ एका पोराने मला विचारलं, “काका, मी पडलो का?” काय सांगणार? ते वही लिहिणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

आणि समजा, पोरगा निवडला गेला. सातवीत उठला, दुसऱ्या शहरात गेला, दोन वर्षांत अकादमीचा उत्साह आटला किंवा पोराची उंची वाढायची थांबली. तो रोवणीच्या चिखलातच परत येतो. फक्त आता त्याच्या नावावर शाळा नाही. पोलीस शिपाई व्हायला बारावी लागते. म्हणजे तुमच्या संधीने त्याच्याकडे असलेली एकुलती एक खरी संधी, पहाटेच्या रस्त्यावरची, खाऊन टाकली. ‘गरिबाला गमावण्यासारखं काही नसतं’ हे गरिबाच्या घरी कधी हिशेबाला न बसलेल्या माणसाचं वाक्य आहे. त्याच्याकडे थोडं असतं, आणि म्हणून ते गेलं की सगळंच जातं.

कराराचा कागद दाखवून बापाला गप्प करतात, तेही सांगून टाकतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अठराच्या आतल्याचा करारच होत नाही. तेराव्या वर्षी पोराकडून घेतलेल्या सहीला न्यायालयात किंमत नाही. मग कागद कशाला? बापाला धाक घालायला. पोरगं पुढे चमकलं आणि दुसऱ्या संघाकडे गेलं तर ‘तुम्ही सही केली होती’ म्हणून दारात उभं राहायला.

मग हेरूच नये का कुणाला? हेरा की. महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीतून प्रवीण जाधव घडला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुराचा मुलगा, टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचलेला तिरंदाज. पण त्याची पहिली पारख ट्रॅकसूटवाल्या पाहुण्याने केली नव्हती. ती केली जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाने, जो त्याला रोज बघत होता. रोज बघणारा माणूस हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अचूक शोधयंत्रणा, आणि आपण तीच मोडीत काढतो आहोत : खेळाचा तास गणिताला, खेळाचे सर निवडणुकीच्या कामाला. ‘खेलो इंडिया’त निवडलेल्या खेळाडूला महिन्याला १० हजार हातखर्च मिळतो, चांगली गोष्ट आहे. पण त्या यादीत पोचेपर्यंतची पाच-सहा वर्षं पोराला अंडी कोण देणार, बूट कोण देणार, हे विचारलं की सगळे आभाळाकडे बघतात. लीगचे संघ, कंपन्यांचे सामाजिक निधी, ज्यांना आपल्या पोरांचा एवढा कळवळा आहे त्यांनी पैसा इथे, गावच्या मैदानावर, सगळ्या पोरांवर घालावा. सोळा-सतरापर्यंत त्यांना आपापल्या शाळेत खेळू द्यावं, मग खुशाल निवडावं.

आणि त्याआधी कुणाला न्यायचंच असेल तर चाचणीच्या दिवशी ग्रामसभेसमोर लेखी द्यावं : निकष काय आणि प्रत्येकाला गुण किती, पोराची शाळा कुठली आणि त्याची फी कोण भरणार, दुखापत झाली तर खर्च कुणाचा, मधेच परत पाठवलंत तर त्याच इयत्तेत प्रवेश, गेलेल्या वर्षाची शिकवणी आणि ठरावीक रक्कम कोण देणार, आजवर किती पोरं नेलीत आणि त्यांतली किती परत पाठवलीत. डोमिनिकन अकादम्यांत अलीकडे शाळा पूर्ण करून घेण्याचे वर्ग चालतात. तेही टीका झाल्यावर, भांडून मिळालेले. आपण भांडण आधी करू. एवढी उत्तरं कागदावर घेऊन जो कुणी येईल, मग तो बेसबॉलचा असो, कबड्डीचा की क्रिकेटचा, त्याला घ्यायला मी स्वतः आमच्या हिरडामाळीच्या स्टेशनवर जाईन.